खाडीकाठच्या तळ्यात चिंबोरीची पिल्लं मरताहेत, औषध कोणतं द्यावं?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. रायगडच्या खाडीकाठी जुन्या खारबंदिस्तीत पाच गुंठ्यांचं तळं, त्यात पाच बाय चार मीटरचा एक हापा (बारीक जाळीचा पिंजरा), आणि त्यात मेअखेरीस तमिळनाडूच्या हॅचरीतून आणून सोडलेली चिंबोरीची दीड हजार पिल्लं, प्रत्येकी साधारण अर्ध्या सेंटिमीटरची. पहिले बारा-तेरा दिवस सगळं ठीक. मग पहिला जोराचा पाऊस झाला आणि मर सुरू झाली. अंगावर करडी लव, कल्ले तपकिरी, काही पिल्लं अर्धी कात टाकलेल्या अवस्थेत मेलेली. मेलेली मोजली तर दोनशेच्या आत, पण हापा उचलून पाहिला तर शिल्लक जेमतेम सातशे. शेजारच्या कोळंबीवाल्यांनी खाद्यातून अँटिबायोटिक आणि तळ्यात फॉर्मलिन सुचवलं आहे. तुम्ही विचारता, रोग कोणता आणि औषध कोणतं.

माझं मत असं की इथे एक रोग नाही. निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि त्यातल्या कुठल्याच गोष्टीला अँटिबायोटिक हा उपाय नाही. तुम्ही पाण्याचे आकडे दिलेले नाहीत, त्यामुळे काही गोष्टी अंदाजानेच बोलाव्या लागतील. पावसाआधी आणि नंतर क्षारता किती होती, पहाटे विरघळलेला ऑक्सिजन किती, सामू (पीएच) किती, हॅचरीने पिल्लं किती क्षारतेच्या पाण्यातून पाठवली, हे कळलं तर पुढचं बरंचसं नेमकं सांगता येईल. पण लक्षणं आणि वेळ, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात.

लहान खेकड्याच्या कुठल्याही आजाराचा विचार मी कातीपासून सुरू करतो. मेगालोपा ही शेवटची अळी अवस्था संपून खेकड्याचं रूप आलं की पहिली कात चार-पाच दिवसांत पडते. पुढे हे अंतर वाढत जातं आणि दोन-अडीच सेंटिमीटरच्या पिल्लाला दोन आठवडेही लागतात. म्हणजे तुमच्याकडच्या पिल्लांनी आजवर तीन ते चार वेळा कात टाकलेली असायला हवी. दर कातीला तीन गोष्टी घडतात. बाहेरच्या कवचावरची सगळी घाण, जंतू, शेवाळ जुन्या कवचाबरोबर निघून जातं. पिल्लू काही तास पूर्ण मऊ आणि असहाय्य असतं. आणि त्याच वेळी त्याची ऑक्सिजनची व क्षारांची गरज सगळ्यांत जास्त असते. या वयात जे बिघडतं ते बहुतेक या तीनपैकी एका ठिकाणी बिघडतं. जंतू पुष्कळदा मागून येतो.

आता हिशोब. दीड हजारांतली सातशे जिवंत, दोनशे मेलेली सापडली, मग सहाशे कुठे गेली? ती खाल्ली गेली. वीस चौरस मीटरमध्ये दीड हजार म्हणजे चौरस मीटरला ७५. आडोसा भरपूर असेल तर एवढी दाटी पहिले दोन-तीन आठवडे कशीबशी चालते, पण तुमच्या हाप्यात आडोशाला चार झावळ्या आहेत एवढंच तुम्ही लिहिलं आहे. त्यातून सगळी पिल्लं एकाच वेळी कात टाकत नाहीत. एकाने आज टाकली की कालची कडक झालेली शेजारीण तिला फाडते. याला रोग म्हणता येणार नाही, पण रोगाचा हिशोब करताना हा आकडा वेगळा काढला नाही तर माणूस घाबरून नको ती औषधं ओततो.

आणखी एक तपासून घ्या. मेलेली म्हणून मोजलेल्या दोनशेंत टाकलेल्या काती किती आहेत? काती आणि मढी पाण्यात सारखीच दिसतात. कात हलकी, पोकळ आणि पारदर्शक असते, मागच्या बाजूने कवच आणि पोटाच्या मधल्या फटीत उघडलेली असते, आत कल्ल्यांच्या जागी रिकामी पारदर्शक झिरझिरीत टरफलं दिसतात, आणि वास येत नाही. मढं जड लागतं, दाबलं तर आतून पिवळट-करडा गर येतो. काती रोज मोजून वहीत लिहा. काती रोज सापडत असतील तर निम्मी काळजी मिटली, आणि एकाएकी काती थांबल्या तर मर सुरू व्हायच्या आधीच तुम्हाला इशारा मिळतो.

अंगावरची करडी लव. ही बुरशी आहे असं बहुतेकांना वाटतं, पण खेकड्याच्या पिल्लावर ती क्वचितच बुरशी असते. लॅजेनिडियम, हॅलिफ्थोरॉससारख्या पाण्यातल्या बुरशीवजा जीवांचा खरा तडाखा अंडी आणि झोइया (सुरुवातीची अळी) या हॅचरीतल्या अवस्थांना बसतो. तळ्यातल्या पिल्लावरची लव म्हणजे बहुधा झूथॅम्नियम, एपिस्टायलिस, व्हॉर्टिसेला हे देठावर बसणारे एकपेशीय जीव, किंवा ल्यूकोथ्रिक्ससारखे धाग्यांचे जिवाणू. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ४० ते १०० पट मोठं करून पाहिलं की पहिल्या प्रकारात देठाच्या टोकाला घंटेच्या आकाराच्या पेशी दिसतात आणि त्या झटक्यात आकसतात. दुसऱ्या प्रकारात नुसते केसांसारखे धागे. दोघेही खेकड्याचं मांस खात नाहीत. त्यांना बसायला फक्त जागा हवी असते आणि पाण्यात कुजकं अन्न हवं असतं.

म्हणून लव दिसली की मी दोन प्रश्न विचारतो. एक, पाण्यात एवढं कुजकं कुठून आलं? दोन, पिल्लाने गेले आठ-दहा दिवस कात का टाकली नाही? वेळेवर कात पडत असती तर लवेला साचायला वेळच मिळाला नसता. पहिल्याचं उत्तर तुमच्याच लिखाणात आहे. तुम्ही रोज अर्धा किलो बारीक मासळी वाटून टाकता. आता शिल्लक सातशे पिल्लं, एकेक सरासरी एक ग्रॅमचं धरलं तरी सगळ्यांचं मिळून वजन पाऊण किलोसुद्धा नाही. या वयाला ओलं खाद्य वजनाच्या दहा ते पंधरा टक्के पुरतं, म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास. उरलेले चारशे ग्रॅम रोज हाप्याच्या तळाशी कुजतात, अमोनिया वाढवतात आणि लव पोसतात. शिवाय एक मिलिमीटर भोकांची जाळी आठवड्याभरात शेवाळ-गाळाने बुजते. मग हाप्याच्या आत पाणी फिरतच नाही, आणि बाहेर चांगलं पाणी असूनही आत पिल्लं गुदमरतात. जाळी दर दोन-तीन दिवसांनी मऊ ब्रशने बाहेरून घासायची, हे काम अजिबात चुकवू नका.

अर्धवट कात टाकून मेलेली पिल्लं ही वेगळी गोष्ट. मागची फट उघडलेली, कवच वर उचललेलं, पण डेंगे किंवा कल्ले जुन्या कवचात अडकलेले, असं दिसतं ना? कात काढताना पिल्लू पाणी पिऊन अंग फुगवतं आणि जोर लावून बाहेर निघतं. त्याला ऑक्सिजन लागतो. तो पहाटे तीन मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली गेला की ताकद मधेच संपते. बाहेर निघालं तरी नवं कवच कडक व्हायला पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट लागतं. समुद्राच्या पाण्यात ते मुबलक असतं, पावसाच्या पाण्यात जवळजवळ नसतंच. पहिल्या जोराच्या पावसानंतर तळ्याची क्षारता दोन दिवसांत २५ वरून ८ पीपीटीवर (हजार भागांत आठ भाग क्षार) आली तर चिंबोरी मरत नाही, ती पाच पीपीटीतही तग धरते. पण ज्या पिल्लांची कात नेमकी त्या दोन दिवसांत आली ती अडकतात. खाद्याचाही वाटा असतो. नुसती पातळ पांढऱ्या मांसाची मासळी दिली तर लागणारी स्निग्धांशं आणि कोलेस्टेरॉल कमी पडतात. आठवड्यातून दोन-तीनदा तिसऱ्या, खुबे किंवा कालवांचं मांस बारीक करून द्या, फरक पडतो.

आता तपकिरी कल्ले. तुमच्या वर्णनातली ही खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबतो. मेलेल्या नव्हे, मरायला टेकलेल्या पिल्लाचं कवच उचला, एक कल्ला चिमट्याने काढून स्वच्छ मचूळ पाण्यात हलवा आणि रंगाच्या मऊ कुंचल्याने घासा. तपकिरी रंग गाळासारखा सुटून गेला तर ती बाहेरून बसलेली घाण किंवा लोह आहे. काळे-तपकिरी ठिपके कल्ल्यातच रुतलेले राहिले तर ती शरीराने जखमेभोवती केलेली काळी पुटं आहेत, म्हणजे जंतू किंवा परजीवी आत शिरला आहे. तुमच्याकडे पहिला प्रकार निघेल असं मला वाटतं, आणि तो निघाला तर दोष मातीत आहे.

कांदळवनाच्या काठच्या चिखलात गंधक आणि लोहाचं संयुग साठलेलं असतं. पाण्याखाली, हवा न लागता, ते निरुपद्रवी असतं. पण तळं खोदलं, तो चिखल बांधावर टाकला आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात वाळला, की हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं गंधकाम्ल होतं. पहिला पाऊस हे आम्ल आणि त्यात विरघळलेलं लोह धुऊन तळ्यात आणतो. तळ्याचं पाणी थोडं आम्लारी असतं, तिथे पोचलं की लोह नारिंगी-तपकिरी गाळ होऊन बाहेर पडतं, आणि त्याला बसायला सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे खेकड्याचे कल्ले. पिल्लांच्या कल्ल्यांवर पातळ थर बसला तरी श्वास अर्धा होतो. खूण सोपी आहे: बांधावरच्या भेगांत पिवळट डाग, पावसानंतर बांधाच्या कडेने नारिंगी तवंग, आणि कडेच्या पाण्याचा सामू मधल्या पाण्यापेक्षा कमी. पक्की खात्री हवी असेल तर तळ्यातला ओला चिखल मूठभर घेऊन सामू मोजा, मग तोच चिखल तीन-चार आठवडे सावलीत ओलसर ठेवून अधूनमधून उलटा-पालटा करा आणि पुन्हा मोजा. सामू ४ च्या खाली घसरला तर माती आम्ल-गंधकी आहे, आणि हा त्रास दर जूनमध्ये येणार.

पावसात आणखी एक घोटाळा होतो. गोडं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं, आणि खाली जुनं खारं पाणी बंदिस्त होतं. मधल्या सीमेमुळे वरचा ऑक्सिजन खाली जात नाही. पिल्लं तळाशी राहणारी, त्यामुळे वरच्या पाण्याचं मोजमाप ठीक येतं आणि खाली मर होते. म्हणून क्षारता, सामू आणि ऑक्सिजन दोन्ही थरांत मोजायचे. मोजायची वेळ पहाटे साडेपाचच्या आधीची, कारण दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि सगळं छान दिसतं.

एवढं झाल्यावर खऱ्या संसर्गांकडे वळू. ते होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. फक्त त्यांची लक्षणं वेगळी असतात आणि ती शोधायची पद्धत ठरलेली आहे.

व्हिब्रिओ जिवाणू खाडीच्या पाण्यात कायम असतात. कमजोर पिल्लात ते शिरतात, पाय लाल-नारिंगी दिसतात, पिल्लू हालचाल करत नाही, एक-दोन दिवसांत मरतं. चमकणारा व्हिब्रिओ असेल तर दहा पिल्लं अंधाऱ्या खोलीत बशीत ठेवा, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. अंगातून हिरवट उजेड दिसला तर तोच. पाणी नव्हे, पिल्लाचं अंग पाहा, कारण पाण्यात चमकणारे दुसरे सूक्ष्मजीवही असतात. कवचावर तपकिरी-काळे खड्डे पडतात तो कवचाचा रोग. कवचातला कायटिन पचवणारे जिवाणू ओरखड्यातून शिरतात. खड्डा आतपर्यंत गेला नसेल तर पुढच्या कातीबरोबर तो जातो. हाताळणी कमी करणं आणि तळ स्वच्छ ठेवणं हाच त्यावर उपाय.

हेमॅटोडिनियम हा रक्तातला परजीवी जास्त गंभीर. चीनच्या ग्वांगडोंग किनाऱ्यावर चिंबोरीच्या तळ्यांत त्याने मोठी मर केलेली आहे, तिथे त्याला दुधाळ रोग म्हणतात. यासाठी रक्त पाहावं लागतं. दोन सेंटिमीटरच्या वरचं पिल्लू असेल तर मागच्या चपट्या पोहण्याच्या पायाच्या बुडाशी जो मऊ सांधा असतो तिथे इन्सुलिनच्या सुईने थेंबभर काढा. त्याहून लहान असेल तर पायाचं टोक कापून थेंब काचेवर घ्या. निरोगी रक्त स्वच्छ, किंचित निळसर असतं आणि मिनिटाभरात गोठतं. दुधासारखं पांढरं आणि न गोठणारं असेल तर प्रयोगशाळेला कळवायलाच हवं. यावर औषध नाही, आजारी पिल्लं काढून नष्ट करायची. मेलेली दुसऱ्यांनी खाल्ली की रोग पसरायला मदत होते, म्हणून रोज मढी काढणं आलंच. पाणी पावसाने पातळ झालं म्हणून ही शंका सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरातल्या निळ्या खेकड्यांवरच्या अभ्यासात ११ पीपीटीच्या खाली हा परजीवी आढळला नाही, पण दक्षिण चीनमध्ये कमी क्षारतेच्या पाण्यात वाढवलेल्या चिंबोरीतही तो सापडलेला आहे.

विषाणूंमध्ये दोन लक्षात ठेवा. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खेकड्यात ठिपके न दाखवताही राहतो. मोठी चिंबोरी तो बाळगून जगते, पिल्लं मरू शकतात. तो तळ्यात येण्याचा सगळ्यांत सोपा रस्ता म्हणजे खाद्य म्हणून टाकलेली कच्ची कोळंबीची डोकी. गोठवल्याने हा विषाणू मरत नाही, उकळल्याने मरतो. शेजारी कोळंबी प्रकल्प असताना कच्ची डोकी किंवा खेकड्याचं कच्चं मांस पिल्लांना अजिबात घालू नका. दुसरा चिंबोरीचा रिओव्हायरस. चीनमध्ये २००७ साली नोंदला गेलेला हा आजार तिथे झोपेचा रोग म्हणून ओळखला जातो: खाणं बंद, सुस्ती, कल्ले सैल आणि करडे, मग मर. डोळ्यांनी त्याचं निदान होत नाही, पीसीआर चाचणीच लागते.

खाडीतून पकडलेली पिल्लं वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पोटाखालच्या झडपेत पिवळट पिशवी दिसली तर तो सॅक्युलिना कुळातला परजीवी, असं पिल्लू बाजूला काढायचं, ते कधी वाढत नाही. कल्ल्यांत बसणारी देठाची ऑक्टोलास्मिस बार्नेकल मुख्यतः मोठ्या, कात न टाकणाऱ्या खेकड्यांची डोकेदुखी आहे. हॅचरीच्या पिल्लांत दोन्हींची चिंता नको.

आता शेजाऱ्यांचा सल्ला. अँटिबायोटिक नको, आणि त्याची कारणं पक्की आहेत. आजारी पिल्लू खात नाही, म्हणजे औषध पोटात जातच नाही. ते पाण्यात विरघळतं आणि चांगले जिवाणूही मारतं. लव, लोह, ऑक्सिजन, क्षारता यांतल्या कशावरही त्याचा परिणाम नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर आपल्याकडे जलशेतीत बंदच आहेत. त्यांचा अंश सापडला की निर्यातीचा माल परत येतो. शिवाय अळी अवस्थेत अँटिबायोटिक दिलेल्या चिंबोरीच्या पिल्लांत कपाळावरचे काटे वाकडे किंवा एकमेकांत मिसळलेले निघतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पुढच्या वेळी बीज घेताना पन्नास पिल्लं भिंगाखाली पाहा. वाकडे काटे जास्त दिसले तर ती खेप घेऊ नका.

फॉर्मलिनचं तसं नाही, त्याला लवेवर काम आहे. पण तळ्यात नाही. दर ५ पीपीएम (दहा लाख भागांत पाच भाग) फॉर्मलिन पाण्यातला जवळपास १ मिलिग्रॅम ऑक्सिजन संपवतं, शेवाळ मारतं ते वेगळं. तुमच्या तळ्यात आधीच ऑक्सिजन कमी असताना २५ पीपीएम ओतलं तर एका रात्रीत राहिलेली पिल्लंही जातील. वापरायचंच तर टबात: १,००० लिटर पाण्याला २५ मिलिलिटर, हवेचा पंप जोरात चालू, अर्धा ते एक तास, आणि नजर पिल्लांवर. हातमोजे घाला, वाफ नाकात जाऊ देऊ नका. मऊ किंवा कात टाकायच्या बेतात असलेली पिल्लं यात घालू नका. पण खरं सांगायचं तर पाणी सुधारलं आणि पिल्लाने एकदा कात टाकली की लव आपोआप जाते. बहुतेक वेळा मी फॉर्मलिनपर्यंत जातच नाही.

उद्या पहाटेपासून काय करायचं ते क्रमाने सांगतो. पहाटे दोन्ही थरांतले आकडे घ्या. त्याच दिवशी खाद्य शंभर ग्रॅमवर आणा, त्यातला दोन-तृतीयांश भाग संध्याकाळी, पसरट ताटलीत ठेवून. दोन तासांनी ताटली उचला, उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. हाप्याचा तळ झाडून जुनं खाद्य, मढी बाहेर काढा आणि मढी तळ्यापासून लांब चुन्यासह पुरा. झावळ्या काढून टाका, त्या कुजतात. त्याऐवजी जुन्या नायलॉन जाळ्याचे सैल गुंडे आणि पीव्हीसी पाइपचे आखूड तुकडे घाला, एवढे की वरून पाहिलं तर हाप्याचा निम्मा तळ झाकलेला दिसावा. पिल्लं दोन आकारांत वेगळी करून दुसरा हापा लावा, आणि ही विभागणी दर आठ-दहा दिवसांनी करत राहा.

पाणी बदलताना उघाडीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) फळ्या नीट वापरा. पावसानंतर वरच्या एक-दोन फळ्या काढून ओहोटीला फक्त वरचं गोडं पाणी सोडा. पाणी घेताना उलट करा. उधाणाच्या भरतीला, भरती पूर्ण चढत आली असताना, खालच्या फळ्या उचलून आत घ्या. खाडीतही खारं पाणी तळाशी असतं, त्यामुळे असं घेतलेलं पाणी दोन-चार पीपीटीने तरी खारं मिळतं. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत पाणी पुरेसं चढत नाही, तेव्हा ओढाताण करू नका. एका वेळी एक-पंचमांशापेक्षा जास्त पाणी बदलू नका.

सामू ७.५ च्या खाली असेल तर शेतीचा चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाच गुंठ्यांना दहा किलो, पाण्यात कालवून कडेकडेने. कळीचा चुना जिवंत पिल्लं असताना कधीच नको. त्याने सामू एकदम उडतो, आणि सामू वाढला की अमोनियाचं विष वाढतं: ७.५ ला त्यातला विषारी भाग दोन टक्क्यांच्या आसपास असतो, ८.५ ला तोच पंधरा-वीस टक्क्यांवर जातो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मुरवण्याची क्षमता) लिटरला ८० मिलिग्रॅमच्या खाली आली असेल तर खाण्याचा सोडा. हिशोब असा की १,००० लिटरला १७ ग्रॅम टाकले की अल्कलिनिटी १० ने वाढते. तुमचं तळं सरासरी मीटरभर खोल धरलं तर ५०० घनमीटर पाणी होतं, म्हणजे २० ने वाढवायला साधारण १७ किलो. दोन दिवसांत विभागून टाका. बांधाच्या आतल्या उतारावर, जिथे पिवळे डाग आहेत तिथे, चौरस मीटरला अर्धा किलो चुना पसरा आणि पावसाचं पाणी तळ्यात न येता बाहेर जाईल असा छोटा चर काढा. यावर्षी तातडीने फायदा देणारं काम हेच आहे.

पुढच्या खेपेसाठी वेळ बदला. मेअखेरीला अर्ध्या सेंटिमीटरची पिल्लं सोडणं म्हणजे त्यांचा सगळ्यांत नाजूक महिना पावसाच्या तोंडावर आणणं. ऑक्टोबरनंतर, खाडीची क्षारता १५ च्या वर स्थिर झाली की सोडा, किंवा मार्चमध्ये सोडून जूनपर्यंत त्यांना पाच-सहा सेंटिमीटरचं होऊ द्या. त्याआधी उन्हाळ्यात तळं वाळवून दोन-तीनदा भरतीचं पाणी भरा आणि काढून टाका. वाळलेल्या चिखलातलं आम्ल असंच धुऊन निघतं. हॅचरीला तुमच्या तळ्याची क्षारता आधी कळवा आणि पाठवण्यापूर्वी तिथेच हळूहळू खाली आणायला सांगा. पिशव्या आल्यावर अर्धा तास तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडंथोडं मिसळा, तासाला दोन पीपीटीपेक्षा जास्त फरक नको. फरक दहाच्या वर असेल तर टबात दोन दिवस घ्या. टबाचं पाणी आधी निर्जंतुक करायचं असेल तर १,००० लिटरला ३० टक्के क्लोरीनची ६५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे सुमारे २० पीपीएम, आणि मग दोन दिवस हवा. क्लोरीन शिल्लक नाही हे चाचणीने पाहिल्याशिवाय पिल्लं सोडू नका.

आठवड्याभरात हे सगळं करूनही मर चालूच राहिली, किंवा रक्त दुधाळ निघालं, किंवा कल्ल्यांतले काळे ठिपके घासून गेले नाहीत, तर नमुने पाठवा. मेलेली पिल्लं उपयोगाची नाहीत, त्यांत कुजवणारे जिवाणूच सापडतात. मरायला टेकलेली दहा आणि दिसायला ठीक असलेली पाच घ्या. पीसीआरसाठी थोडी पिल्लं त्यांच्या दहापट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, वेगळ्या बाटलीत, तारीख आणि तळ्याचे आकडे लिहून. बाकीची जिवंत, ओल्या गोणपाटात, थर्मोकोलच्या डब्यात, बर्फ अंगाला न लागेल असा. रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था तुम्हाला जवळ आहेत. आधी फोन करून कोणत्या चाचणीला नमुना कसा हवा ते विचारा आणि त्याच दिवशी पोचेल असा निघा. पहाटेचे आकडे आणि कल्ला घासून काय दिसलं ते इथे लिहा, त्यावरून चुना आणि सोड्याचं प्रमाण पुन्हा बसवून देतो.